हृदयप्रत्यारोपण : रुग्ण आणि घरचे नेहमी विचारतात ते प्रश्न

मी प्रत्यारोपण समन्वयक म्हणून काम करते. रुग्णालयात 'कोऑर्डिनेटर मॅडम' म्हणतात, गावाकडून आलेले लोक 'ताई' म्हणतात. एकीकडे हृदयाची वाट बघणारे रुग्ण आणि दुसरीकडे आयसीयूबाहेर बसलेलं, नुकताच आपला माणूस गमावलेलं घर, अशा दोन बाकांच्या मधे माझा दिवस जातो. खालचे प्रश्न मला फोनवर, ओपीडीच्या दारात, कधी लिफ्टमध्येही विचारले गेले आहेत. उत्तरं मी तोंडी देते तशीच लिहिली आहेत. तुमच्या रुग्णाबद्दलचा निर्णय मात्र त्याला तपासणारे डॉक्टरच घेतील.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं का?

नाही. हृदय चालू असतं, पण शरीराला लागेल तेवढं रक्त पुढे ढकलायला कमी पडतं. मग मागे पाणी साठायला लागतं. पायावर सूज येते, पोट फुगतं, रात्री आडवं झालं की दम लागतो. "दोन उशा लागायच्या, आता चार लागतात, नाहीतर खुर्चीतच झोपतात," असं बायको सांगते तेव्हा निम्मं निदान झालेलं असतं. कारणं बरीच आहेत : मोठा हार्ट अटॅक येऊन गेलेला असतो, हृदयाचा स्नायूच पातळ होऊन हृदय फुगलेलं असतं, व्हायरसमुळे हृदयाला सूज आलेली असते, लहानपणच्या संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेल्या असतात, बाळंतपणाच्या आगेमागे हृदय कमजोर पडलेलं असतं, किंवा कॅन्सरच्या काही औषधांनी ते दुखावलेलं असतं.

पंपिंग २० टक्के आहे, म्हणजे ८० टक्के हृदय गेलं का?

हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टमध्ये ज्याला ईएफ म्हणतात तो आकडा निरोगी माणसाचाही शंभर नसतो, साधारण ५५ ते ७० असतो. डाव्या कप्प्यात जमलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती बाहेर पडतं, एवढंच तो सांगतो. २० म्हणजे कमीच, त्यात शंका नाही. पण २० टक्के पंपिंगवर दुकान चालवणारी माणसं मी बघितली आहेत आणि ३० टक्के असताना पलंगावरून उठू न शकणारीही. एकट्या त्या आकड्यावरून कुणाला प्रत्यारोपण सांगत नाहीत.

मग प्रत्यारोपणाचा विचार कधी करायचा?

या पानावरचं एकच उत्तर वाचायला तुम्हाला वेळ असेल तर हे वाचा.

हार्ट फेल्युअरवर आता चांगली औषधं आहेत. चार प्रकारच्या गोळ्या मिळून दिल्या जातात, गरजेप्रमाणे तीन तारांचा पेसमेकर किंवा शॉक देणारं यंत्र बसवतात, आणि कितीतरी जणांचं पंपिंग त्यावर सुधारतं. त्यांना प्रत्यारोपण लागत नाही. पण काहींच्या बाबतीत हे सगळं होऊनही गाडी उतरणीलाच लागते, आणि तिची चिन्हं घरी दिसतात. वर्षात दोन किंवा जास्त वेळा दम लागून ॲडमिट व्हावं लागणं. लघवीच्या गोळीचा डोस सारखा वाढवत न्यावा लागणं. आधी सोसत असलेली हृदयाची गोळी आता बीपी खाली जातं म्हणून कमी किंवा बंद करावी लागणं. रक्तातलं क्रिएटिनिन वाढणं (मूत्रपिंडं दमल्याची खूण), सोडियम घटणं. बसवलेल्या यंत्राने पुन्हा पुन्हा शॉक देणं. जेवण जाईनासं होऊन अंगावरचं मांस उतरणं. आणि सगळ्यात ठळक चिन्ह म्हणजे हृदयाचा जोर वाढवणारं सलाइन लावलं की बरं वाटणं आणि काढलं की परत तेच.

यातली दोन-तीन चिन्हं दिसली की प्रत्यारोपण करणाऱ्या केंद्रात एकदा दाखवून घ्या. दाखवलं म्हणजे लगेच ऑपरेशन ठरलं असं नाही. आमच्याकडे आलेल्या कित्येकांना डॉक्टर गोळ्या बदलून घरी पाठवतात.

सोलापूरकडचा एक शेतकरी मला अजून आठवतो, चाळिशीही गाठली नव्हती. दोन वर्षं जिल्ह्याच्या गावी सलाइन लावून घरी, सलाइन लावून घरी, असं चाललं होतं. "प्रत्यारोपण म्हणजे शेवटचा उपाय, शेवटी बघू," असं घरात ठरलेलं. आमच्याकडे आला तेव्हा मूत्रपिंडं दमली होती, काविळीसारखे डोळे पिवळे झाले होते आणि फुप्फुसातला दाब इतका वाढला होता की नवं हृदय त्यापुढे टिकलं नसतं. त्याच्या भावाने मला विचारलं, "ताई, वर्षभर आधी आलो असतो तर?" त्याला मी खरं तेच सांगितलं. म्हणून इथेही सांगते : बाकीचे अवयव धडधाकट असताना या.

कोणत्या तपासण्या होतात? कुणाला नाही म्हणतात?

सगळ्यात महत्त्वाची तपासणी म्हणजे मानेतल्या किंवा जांघेतल्या शिरेतून बारीक नळी घालून हृदयाच्या उजव्या बाजूचे आणि फुप्फुसाच्या धमनीतले दाब मोजणं. दात्याच्या हृदयाचा उजवा कप्पा आजवर साध्या दाबावर काम करत आलेला असतो. त्याला एकदम उंच दाबापुढे उभं केलं तर ऑपरेशन टेबलावरच तो हात टेकतो. दाब जास्त निघाला तर औषध देऊन पुन्हा मोजतात. उतरला तर रस्ता मोकळा होतो, नाही उतरला तर हृदय आणि फुप्फुसं दोन्ही एकत्र बदलण्यासारखे वेगळे विचार करावे लागतात.

शिवाय तोंडाला मास्क लावून ट्रेडमिलवर किंवा सायकलवर चालवतात आणि शरीर किती ऑक्सिजन वापरतं ते बघतात. रक्तगट, मूत्रपिंड, यकृत, टीबी, कावीळ, एचआयव्ही, लपलेला कॅन्सर, हे सगळं तपासतात. दातांच्या डॉक्टरकडेही पाठवतात. लोक चिडतात, "हृदयाचं करायला आलोय, दाढ कशाला बघता?" किडक्या दाढेतला पू एरवी वर्षानुवर्षं गप्प बसतो. ऑपरेशननंतर प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवली की तोच जिवावर उठतो.

चालू कॅन्सर, न आटोपलेलं इन्फेक्शन, कायमची खराब झालेली फुप्फुसं, यकृत किंवा मूत्रपिंडं असतील तर नाही म्हणावं लागतं. तंबाखू सुटलेली असायला हवी, साधारण सहा महिने. यात विडी-सिगारेट आली, गुटखा आला आणि मिश्रीसुद्धा आली. बायका मिश्रीचं सांगत नाहीत, म्हणून मी वेगळं विचारते. आणि घरात रोज गोळ्या बघणारं, रुग्णालयात नेणारं एक तरी माणूस आहे का, हेही आम्ही खरोखर तपासतो.

वयाची अट आहे का?

साठीच्या पुढचे रुग्णही घेतात. सत्तरीपुढे फार क्वचित. मृत दात्याच्या अवयवासाठी नाव नोंदवायला असलेली ६५ वर्षांची मर्यादा केंद्र सरकारने २०२३ मध्ये काढली, आणि त्याच राज्याचा रहिवासी असण्याची अटही काढली. लहान मुलांचंही प्रत्यारोपण होतं. अडचण असते ती त्यांच्या मापाचं हृदय मिळण्याची.

नोंदणी कुठे करायची?

थेट कुठल्या सरकारी खिडकीवर होत नाही. परवाना असलेल्या प्रत्यारोपण केंद्रामार्फतच होते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे विभागीय समन्वय केंद्रं आहेत. सगळे त्यांना झेडटीसीसी म्हणतात. रुग्णालय तुमचं नाव तिथल्या यादीत घालतं, आणि अवयव आला की वाटप त्या यादीवरून होतं. ओळख काढून नंबर वर नेता येतो, असं कुणी सांगितलं तर त्याला पैसे देऊ नका. अवयव विकणं आणि विकत घेणं हा गुन्हा आहे.

हृदय जुळतं म्हणजे काय जुळतं? जात-धर्माचा, बाई-पुरुषाचा प्रश्न येतो का?

रक्तगट जुळावा लागतो आणि माप जुळावं लागतं. ऐंशी किलोच्या माणसाला पंचेचाळीस किलोच्या दात्याचं हृदय पुरं पडत नाही. तुमच्या रक्तात परक्या पेशींविरुद्ध आधीच अँटिबॉडी तयार आहेत का, हेही बघतात. खूप वेळा रक्त चढवलेल्यांमध्ये आणि बाळंतपणं झालेल्या बायकांमध्ये त्या जास्त सापडतात. जात-धर्माचा काहीएक संबंध नाही. बाईचं हृदय पुरुषाला बसतं, माप बरोबर असेल तर.

किती दिवस थांबावं लागतं?

तारीख कुणीच देऊ शकत नाही. कुणाला आठ दिवसांत मिळतं, कुणाला दीड वर्ष लागतं. ओ रक्तगटाच्या लोकांची प्रतीक्षा बहुधा लांबते, कारण त्यांना फक्त ओ गटाचंच हृदय चालतं. स्पेनमध्ये दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला चाळिसाहून जास्त मृत दाते मिळतात, आपल्या देशात एकसुद्धा नाही. त्यातही दाता मिळाला म्हणजे हृदय चांगलं निघेलच असं नाही. मेंदूला मार लागतो तेव्हा हृदयालाही धक्का बसतो.

वाट बघताना यंत्र बसवता येतं का?

येतं. डाव्या कप्प्याला लावायचा छोटा पंप असतो, त्याला एलव्हॅड म्हणतात. त्याची तार पोटातून बाहेर येते, कमरेला बॅटऱ्या बांधाव्या लागतात आणि नाडी हाताला जवळजवळ लागतच नाही. परदेशात हजारो लोक त्यावर जगतात. आपल्याकडे अडतं ते किमतीवर. ते यंत्र प्रत्यारोपणाच्या कितीतरी पट महाग पडतं.

मेंदू मृत म्हणजे कोमाच ना? बरा होणारा माणूस आम्ही देऊन टाकला तर?

हा प्रश्न आयसीयूबाहेरच्या दुसऱ्या बाकावरचा. तो विचारणाऱ्याचा हात मी हातात धरते, कारण त्या क्षणी माणसाला शब्द ऐकू येत नसतात.

कोमात मेंदू जिवंत असतो. मेंदूमृत अवस्थेत मेंदूच्या देठाचं काम कायमचं थांबलेलं असतं आणि श्वास फक्त व्हेंटिलेटर देत असतो. छाती वरखाली होते, अंग गरम लागतं, मॉनिटरवर ठोके दिसतात, म्हणून विश्वास बसत नाही. ठोके दिसतात कारण हृदयाला स्वतःची लय असते आणि यंत्रातून ऑक्सिजन येत असतो. कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांची समिती तपासते. प्रत्यारोपण करणाऱ्या टीममधला डॉक्टर त्यात चालत नाही. डोळ्यात उजेड टाकून बाहुली हलते का, डोळ्याला कापूस लावल्यावर पापणी मिटते का, घशात नळी हलवल्यावर खोकला येतो का, आणि व्हेंटिलेटर थोडा वेळ बाजूला केला तर स्वतःहून एक तरी श्वास घेतला जातो का, हे बघतात. सहा तासांनी हे सगळं पुन्हा करतात. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं तरच प्रमाणपत्र होतं. यातून कुणी परत येत नाही.

हा अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा. तो आधी लागू झाला तो गोवा, हिमाचल प्रदेश, महाराष्ट्र आणि केंद्रशासित प्रदेशांत. तो यायच्या आधी मेंदूमृत माणसाला कायद्याच्या दृष्टीने मृत मानायची सोयच नव्हती.

भारतात हृदयप्रत्यारोपण पहिल्यांदा कधी झालं?

३ डिसेंबर १९६७ ला केपटाउनमध्ये डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. तो रुग्ण १८ दिवस जगला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, परळच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी ते केलं. महापालिकेच्या रुग्णालयात, त्या काळात! रुग्ण काही तासच जगला. रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवं हृदय नाकारणं, रोखणारं भरवशाचं औषध तेव्हा जगात कुणाकडेच नव्हतं. ऐंशीच्या दशकात सायक्लोस्पोरिन वापरात आलं आणि चित्र बदललं. भारतातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण ऑगस्ट १९९४ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी केलं. मुंबईत सेन यांच्यानंतर पुढचं हृदय बसायला ऑगस्ट २०१५ उजाडलं. ते पुण्याहून आलं होतं, ग्रीन कॉरिडॉरने, म्हणजे पोलिसांनी वाहतूक थांबवून मोकळ्या ठेवलेल्या वाटेने.

ग्रीन कॉरिडॉरची एवढी घाई कशासाठी?

मूत्रपिंड बर्फात दिवसभर टिकतं. हृदयाला साधारण चार तास मिळतात. दात्याच्या छातीतलं रक्त थांबल्यापासून रुग्णाच्या छातीत ते परत सुरू होईपर्यंतचे हे चार तास, त्यातच काढणं, प्रवास आणि शिवणं. थंड द्रावणाने हृदय शांत करतात, एकात एक अशा तीन निर्जंतुक पिशव्यांत ठेवतात आणि बर्फाच्या पेटीत घालतात. पेटी अगदी साधी दिसते, सहलीला नेतो तशी. तिच्या मागे पोलीस, विमानतळ आणि दोन ऑपरेशन थिएटरं एकाच घड्याळावर चालत असतात. तुम्ही कधी अशा रस्त्यावर अडकलात तर दहा मिनिटं थांबा, एवढीच विनंती.

हृदय मिळाल्याचा फोन आला की काय करायचं?

पहिली गोष्ट, त्या क्षणापासून काही खायचं-प्यायचं नाही. दुसरी, निघायचं. फोन रात्री दीड वाजताही येतो, म्हणून मोबाइल चार्ज आणि आवाज चालू ठेवा. एक कपड्यांची पिशवी, फाइल आणि गाडीवाल्याचा नंबर दाराजवळ तयार असू द्या.

आणि मनाची एक तयारी ठेवा. बोलावून परत पाठवलं जाऊ शकतं. आमचे सर्जन तिकडे दात्याची छाती उघडून हृदय डोळ्यांनी बघतात, हाताने चाचपतात, आणि पटलं नाही तर नाही म्हणतात. एका मुलीला आम्ही दोनदा परत पाठवलं. दुसऱ्यांदा तिला थिएटरच्या दारातून मागे आणलं तेव्हा तिची आई माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्यांदा चांगलं मिळालं.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय होतं?

छाती मधोमध उघडून रक्त हार्ट-लंग मशीनवर घेतात. जुनं हृदय काढतात, पण डाव्या वरच्या कप्प्याची मागची भिंत ठेवतात, कारण फुप्फुसाच्या चारही शिरा तिला जोडलेल्या असतात. मग नवं हृदय तिला, दोन्ही महाशिरांना आणि दोन्ही मोठ्या धमन्यांना शिवतात. धमनीला लावलेला चिमटा सोडवून रक्त सोडलं की पांढुरकं पडलेलं हृदय हळूहळू लालसर होतं, आधी नुसतं थरथरतं आणि मग लयीत येतं. कधी छोटा शॉक द्यावा लागतो. मी हे बऱ्याचदा काचेतून बघितलं आहे आणि दर वेळी माझे हात गार पडतात.

सगळं सुरळीत असेल तर आठवडा-दोन आठवडे आयसीयू, एकूण साधारण तीन आठवडे रुग्णालय, आणि पुढचे तीन महिने रुग्णालयाच्या जवळपास खोली घेऊन राहायचं.

रिजेक्शन म्हणजे काय?

शरीराचा पहारेकरी नव्या हृदयाला ओळखत नाही, म्हणून त्याच्यावर तुटून पडतो. ते रोखायला टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइड अशी औषधं देतात. पहिल्या वर्षी धोका जास्त, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला आणि मग अंतर वाढवत बायोप्सी करतात. मानेच्या शिरेतून बारीक चिमटा हृदयात नेऊन तिळाएवढे तुकडे घेतात. फक्त जागा बधिर करतात, रुग्ण गप्पा मारत असतो. रिजेक्शन सुरुवातीला सापडलं तर औषधाने परतवता येतं. रुग्णाला मात्र बऱ्याचदा काहीच जाणवत नाही. म्हणून "बरं वाटतंय, आता बायोप्सी कशाला," असं म्हणू नका.

गोळ्या बारा-बारा तासांनी, घड्याळ लावून. रक्तातल्या औषधाची पातळी, म्हणजे लेव्हल, बघायला रक्त द्यायच्या दिवशी सकाळची गोळी रक्त देऊन झाल्यावर घ्यायची. ही चूक इतके जण करतात की मी आदल्या रात्री मेसेज टाकते.

पथ्य काय असतं?

घरचं ताजं, गरम जेवण सगळं चालतं. भाकरी, वरणभात, शिजवलेल्या भाज्या, नीट शिजवलेलं अंडं-मासेही चालतात. पाणीपुरी, उसाचा रस, गाडीवर कापून ठेवलेली फळं, बाहेरची चटणी आणि कच्ची कोशिंबीर विसरायची. पाणी उकळलेलं.

कोकणातल्या मंडळींसाठी खास : पपनस खायचं नाही. त्यातल्या घटकांमुळे टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी भलतीच वाढू शकते. ग्रेपफ्रूटचंही तेच. काढे, भस्मं, गावच्या वैद्याची पुडी, आमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही नाही. दुसऱ्या डॉक्टरने अँटिबायोटिक, बुरशीचं किंवा टीबीचं औषध लिहिलं तर पहिला डोस घ्यायच्या आधी आम्हाला फोन करा. काही औषधं लेव्हल चढवतात, टीबीचं रिफाम्पिसिन ती पार खाली पाडतं.

कबुतरांना दाणे घालणं बंद. खिडकीत त्यांची विष्ठा असेल तर ती दुसऱ्या कुणीतरी काढायची. जिवंत विषाणूंच्या लसी घ्यायच्या नाहीत.

नंतर नॉर्मल आयुष्य जगता येतं?

बहुतेकांना येतं. लोक नोकरीवर जातात, शेतावर जातात, जिना चढतात. एक गोष्ट वेगळी राहते. काढताना हृदयाच्या नसा तुटलेल्या असतात, म्हणून बसल्या जागी ठोके नव्वद ते एकशेदहा पडतात. चालायला लागलं की ते हळूहळू वाढतात आणि थांबल्यावरही लगेच उतरत नाहीत. व्यायामाआधी अंग तापवायचं आणि एकदम थांबायचं नाही. याच कारणाने या हृदयात ब्लॉकेज आलं तर छातीत दुखेलच असं नाही, त्यामुळे ठरलेल्या वेळी अँजिओग्राफी करावीच लागते.

किती वर्षं मिळतात?

जगभरच्या नोंदी बघितल्या तर पहिलं वर्ष शंभरातले पंच्याऐंशीच्या आसपास पार करतात आणि निम्म्याहून जास्त लोक दहा वर्षांपुढे जातात. वीस-पंचवीस वर्षं काढलेलेही आहेत. पुढे त्रास देतात ते नव्या हृदयाच्या नळ्या हळूहळू अरुंद होणं, औषधांनी मूत्रपिंडं दमणं, मधुमेह आणि काही कॅन्सर.

खर्च?

हृदयाची किंमत शून्य. खर्च ऑपरेशन, आयसीयू, औषधं, प्रवास यांचा. खासगी रुग्णालयात तो वीस लाखांच्या पुढेच जातो, आणि नंतर दर महिन्याला औषधं-तपासण्यांचे हजारो रुपये, आयुष्यभर. लोक ऑपरेशनचे पैसे उभे करतात आणि तिसऱ्या वर्षी गोळ्या कमी करायला लागतात. ते करू नका, आधी आम्हाला सांगा. मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी, धर्मादाय रुग्णालयांतल्या राखीव खाटा आणि ट्रस्ट यांचे अर्ज समाजसेवा विभाग भरून देतो. शेत विकायच्या आधी त्या खोलीत जाऊन या.

दात्याचा स्वभाव, आठवणी येतात का?

नाही. स्टेरॉइडमुळे पहिले काही महिने चिडचिड होते, झोप उडते, भूक वाढते. घरच्यांना वाटतं माणूस बदलला. डोस उतरला की निवळतं.

ज्यांनी हृदय दिलं त्यांना भेटता येईल?

दोन्हीकडची नावं आम्ही गुप्त ठेवतो. तरी पेपरात बातमी येते आणि लोक एकमेकांना शोधतात. घाई करू नका, तिकडे दुःख अजून ओलं असतं. नाव-गाव न घालता चिठ्ठी लिहून माझ्याकडे दिलीत तर मी ती पोचवते. काहींना उत्तर येतं, काहींना येत नाही.

पहिल्या भेटीला काय आणायचं?

जुने-नवे सगळे इको, अँजिओग्राफीची सीडी, प्रत्येक ॲडमिशनचं डिस्चार्ज कार्ड, सध्या चालू असलेल्या गोळ्यांचे पत्ते (चिठ्ठी नको, पत्तेच आणा), आधार आणि रेशन कार्ड. आणि रुग्णाला आणा. बऱ्याचदा मुलगा एकटाच फाइल घेऊन येतो, "बाबांना एवढा प्रवास झेपणार नाही," म्हणतो. प्रवास झेपत असतानाच घेऊन या.